दसऱ्याला हातभर पुढं

गाडी दरवर्षी थोडी पुढं सरकत होती. मी बारामतीत नोकरीला, कळंबला घरी जाणं दिवाळीपुरतंच. शेडच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली भावाची पिकअप दुसऱ्या वर्षी भिंतीपासून सुटलेली दिसली तेव्हा वाटलं, भास असेल. चौथ्या वर्षी ती मधल्या खांबापर्यंत आली होती. सहाव्या वर्षी तिचे दिवे शेडच्या दारातून थेट ओसरीकडं बघत होते. शेजारची काकू म्हणाली, "पोरगं भाईर यायला बघतंय गं." मी तिला चांगलंच झापलं, पण त्या दिवाळीत शेडकडं पाठ करून एकदाही उभी राहिले नाही.

भाऊ त्याच गाडीत गेला. बारामतीच्या मार्केटला डाळिंबाचे क्रेट उतरवून तो दुपारी परत आला, गाडी शेडात लावली आणि उतरलाच नाही. इंजिन चालू होतं. आई स्वयंपाकघरात, आबा ओसरीवर. दोघांनाही आवाज येत होता. लागलेलं गाणं संपेपर्यंत गाडीत बसून राहायची त्याची सवयच होती, म्हणून कुणी उठलं नाही. अर्ध्या तासानं आई 'डिझेल काय फुकट येतं का' म्हणत तणतणत शेडात गेली. किल्ली फिरवून इंजिन आबांनी बंद केलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वाटेतून त्यानं मला फोन केला होता. वर्गावर तास चालू होता म्हणून मी तो कट केला. ते मला अजून छळतं, आणि छळावंच असं वाटतं.

यंदा आबांचा फोन आला. शेडात शेळ्या बांधायच्या होत्या. "शुक्रवारी भंगारवाला येतूय. हितंच कापून नेतो म्हणला." भाऊ जिथं बसायचा ती जागा कुणी गॅसकटर लावून कापणार, या विचारानं माझं डोकं फिरलं. त्याचं शेवटचं बोलणं तर मी ऐकलंच नव्हतं, आता एवढी गाडी तरी राहू दे. मी म्हटलं, चालू केली तर मी नेते. आबा म्हणाले, "झाली चालू तर ने. न्हाय झाली तर मधी पडायचं न्हाय."

मी रजा टाकली आणि निरवांगीचा एक मिस्त्री गाठला. त्यानं बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार: पाचट, शेंगांची टरफलं, झेंडूच्या माळांचा दोरा. टाकीतलं डिझेल काकवीसारखं काळं होऊन बसलं होतं. मग तो खाली वाकला आणि चाकामागनं चिपाडासारखी वाळलेली लिंबं काढून माझ्यापुढं धरली. "ताई, गाडी बंद व्हती म्हणता, मग ही चिरडली कुणी?"

"मी," आबा मागून म्हणाले. "दसऱ्याला गाडी पुजायची, चाकाखाली लिंबू ठिवायचं, आन् ते फोडायचं न्हाय व्हय?" दर दसऱ्याला ते टायरात हवा भरून दोन गड्यांच्या मदतीनं गाडी लिंबावरून ढकलत होते. परत मागं लोटत नव्हते, कारण सणाला गाडी मागं न्यायची नसते.

म्हणजे माझं भूत हे होतं. मला हसू यायला हवं होतं. पण मिस्त्रीनं विचारलं, "न्यूट्रल कशी केली? ह्ये डायव्हरचं दार तर गंजून जाम हाय." आबा म्हणाले, "काच खाली हाय की. हात घातला खिडकीतनं. दार न्हाय उघडलं कवा." सात वर्षं.

नवी बॅटरी बसली, फिल्टर बदलले, टाकी धुतली, वायरी जोडल्या. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं; डिझेलच्या लाइनमधली हवा काही निघेना. गुरुवारी चार वाजता मिस्त्री म्हणाला, "बसा ताई. पलीकडनं चढा." मी डाव्या दारानं चढून सरकत स्टिअरिंगपुढं आले. सीट भावाच्या लांब पायांच्या मापानं मागं केलेली, माझा पाय क्लचला पुरेना. सीटच्या कडेवर बसून किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि चालू झालं.

तोच आवाज. स्वयंपाकघरातली भांडी थांबली आणि आई दारात येऊन उभी राहिली. मला भीती वाटली, सरळ सांगते. मान वळवली तर शेजारी कुणी दिसेल, अशी भीती.

आबा उजव्या बाजूला आले. दोन्ही हातांनी दार धरलं, पाय लावून ओढलं. गंज झडला आणि दार उघडलं.

"उतर. तिकडनं उतर."

"आबा, बंद करू का?"

"चालूच ऱ्हाऊ दे. हिकडनं त्याला उतरू दे." त्यांना धाप लागली होती. "त्या दिशी आमी काढला त्याला. त्यो उतरला न्हवता."

मी डाव्या दारानं खाली आले. आबा उघडं दार धरून, अंग चोरून, जरा बाजूला सरकून उभे राहिले. मिस्त्री पान्हा हातात धरून खाली बघत होता.

आईनं दारातूनच विचारलं, "उतरला का?"

"व्हय," आबा म्हणाले, आणि त्यांनी दार लावलं.