शाफ्टवरची खूण

आमच्या शेडमध्ये एकच काम होतं. ट्रक, बस, टँकर यांच्या पोटाखालून इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा जो लांब पोलादी दांडा असतो, तो आम्ही दुरुस्त करतो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. आम्ही नुसतं शाफ्ट म्हणतो. येरवड्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याची शेड आहे. ती वडिलांनी उभी केली. डिप्लोमा झाल्यावर मी तिथे गेले आणि तिथेच राहिले. लग्न ठरताना सासरी सांगितलं होतं की मुलगी वडिलांच्या धंद्यात लक्ष घालते. त्यांना वाटलं, फोन घेत असेल. पहिल्या आठवड्यात माझी नखं पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

काम समजायला अवघड नाही. गाडीचं इंजिन वर असतं, मागचा अॅक्सल खाली असतो आणि प्रत्येक खड्ड्याला तो वरखाली होतो. त्यामुळे इथून तिथे एकसंध दांडा टाकून भागत नाही. दांड्याच्या दोन्ही टोकांना वाकणारा सांधा लागतो. दांड्याच्या टोकाला दोन कान असतात, समोरच्या भागालाही दोन कान असतात, ते एकमेकांना काटकोनात धरायचे आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा पोलादी क्रॉस बसवायचा. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या, वाट्यांत सुयांसारखे बारीक रोलर. झाला युनिव्हर्सल जॉइंट. मनगटासारखा वाकतो, पण वाकलेला असताना गरागरा फिरतोही. मनगटाला ते जमत नाही.

मी कामाला लागले त्या आठवड्यात वडिलांनी एक शाफ्ट तिरका बांधून माझ्यापुढे ठेवला. त्याला एकाच टोकाला सांधा होता.

"फिरव. एकसारखा फिरव. आणि दुसरा हात पलीकडच्या टोकावर ठेव."

मी अलीकडचं टोक अगदी एकसारखं फिरवत होते. पलीकडचं तसं फिरत नव्हतं. एका फेऱ्यात ते दोनदा पुढे धावायचं आणि दोनदा रेंगाळायचं. हाताला स्पष्ट कळत होतं.

"हा खराब आहे," मी म्हटलं.

"नवा कोरा आहे. कालच आणलाय. कोनात फिरवला की एक क्रॉस खोटं बोलतो, त्याचा स्वभावच आहे तो. म्हणून दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनात दुसरा लावायचा. तो तेवढंच उलटं खोटं बोलतो. चाकापर्यंत खरं पोचतं."

"आणि दुसरा वाकडा बसला तर?"

"मग दोघं मिळून बोंब मारतात. डिप्लोमात शिकवलं नाही वाटतं हे?"

शिकवलं होतं, आकृती काढून. हाताला मात्र तेव्हाच कळलं.

या सगळ्यात एकच अट आहे. शाफ्टच्या एका टोकाचे कान आणि दुसऱ्या टोकाचे कान एका रेषेत हवेत. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो; एक तुकडा दुसऱ्यात उभ्या खाचांच्या दातांवरून सरकतो, म्हणजे चाक वरखाली झालं की लांबी कमीजास्त होते. दुरुस्तीसाठी हे तुकडे ओढून वेगळे केले आणि परत घालताना एक दात इकडे किंवा तिकडे झाला, की पुढचे कान मागच्या कानांच्या रेषेतून सरकतात. मग गाडी थरथरते, आणि ती थरथर क्रॉस खात राहते. म्हणून शहाणा माणूस तुकडे वेगळे करण्याआधी दोन्हीवर समोरासमोर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, ठोकून खूण करतो.

वडील करत नसत. "खूण त्याला लागते, ज्याला डोळे नाहीत," असं ते म्हणत. एक डोळा मिटून ते शाफ्टच्या टोकाशी उभे राहायचे, दोन्हीकडचे कान एका नजरेत घ्यायचे आणि म्हणायचे, "बसलं." आणि ते बसलेलं असायचं. त्यांची दुसरी सवय म्हणजे काम झालेल्या शाफ्टला सगळीकडून चंदेरी रंग मारायचा. गाडीखाली चमकला की ओळखायचं, आमच्याकडचा आहे. तुकडे जुळवण्यासाठी कंपनीने कोरलेले बाण त्या रंगाखाली जायचे. त्याची आम्हाला कधी अडचण झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस संपल्यावर, हिंजवडीला माणसं नेणाऱ्या बसचा एक ड्रायव्हर परत आला. चार दिवसांपूर्वी त्याच्या बसला आम्ही नवे क्रॉस घातले होते. माणूस अमरावतीकडचा, इथे येऊन बरीच वर्षं झालेला, पण बोलणं तिकडचंच.

"ताई, गाडी थरथर करून राहिली. साठच्या वर गेली की सीट हालते. आयटीवाले मले म्हणतात, काका, या मसाजचे वेगळे पैसे द्यायचे का?"

वडील खुर्चीतूनच म्हणाले, "टायर बघा आधी. रस्ते बघा. पुण्यात थरथरलं की सगळं शाफ्टच्याच माथी."

मी बसखाली गेले. शाफ्ट चंदेरी चमकत होता आणि दोन्हीकडचे कान एका रेषेत नव्हते. टॉर्च लावून पुन्हा पाहिलं. एक दात चुकला होता. टॉर्च नसता तरी दिसलं असतं, इतका फरक होता.

वडील चहाला कोपऱ्यावर गेले होते. तेवढ्यात मी शाफ्ट उतरवला, तुकडा ओढला, एक दात फिरवून घातला आणि परत चढवला. ड्रायव्हर विचारायला लागला तेव्हा म्हटलं, "ग्रीस कमी पडलं होतं." तो चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लोण्यावानी चालते." वडील चहा पिऊन आले. त्यांना मी काही सांगितलं नाही.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. ते बेअरिंगचा नंबर मला वाचायला सांगत. "चष्मा घरी राहिला." चष्मा रोज घरी राहायला लागला. चहा ओतताना ते कपाच्या काठाशी बोट धरत. समोरची वस्तू त्यांना दिसायची, बाजूने आलेला माणूस दिसत नसे. मी विचारलं, तर म्हणाले, "वय झालं की माणसालाही झापडं लावतात, बैलासारखी. सरळ चालावं."

मी एक सोपा मार्ग काढला. ते घरी गेले की त्या दिवशी झालेला प्रत्येक शाफ्ट मी तपासायचा. दोनदा चूक सापडली, दोनदा मी ती काढली आणि चंदेरी रंगाचा हात फिरवून ठेवला. सकाळी वडील यायचे, शाफ्टवर हात फिरवायचे, गाडी यायची, शाफ्ट जायचा. तक्रार नव्हती. त्यामुळे ते आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून होते, आणि मी स्वतःवर.

मग माझ्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी मला एक दिवस जावं लागलं. नेमकी त्याच दिवशी हिंजवडीची तीच बस पुढच्या टोकाचा क्रॉस बदलायला आली. वडिलांनी एकट्याने काम केलं. मी संध्याकाळी आले तेव्हा बस गेलेली होती.

ड्रायव्हरला फोन करून "उद्या अर्धा तास गाडी घेऊन या" एवढं सांगायचं होतं. फोन मी हातात घेतला होता. पण काय कारण सांगणार? ग्रीसचं कारण वापरून झालं होतं. म्हटलं, थरथरली तर येईल तो. फोन ठेवला. त्या दिवसाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे.

तो आला नाही. थरथर होती, पण त्याला वाटलं मागच्यासारखंच ग्रीस असेल, सवड मिळाली की बघू. दहाव्या दिवशी सकाळी हिंजवडीच्या अलीकडे, गाड्यांच्या गर्दीत, पुढचा सांधा तुटला. सुटलेलं टोक फिरत फिरत बसच्या तळावर आपटलं आणि एका सीटपुढचा पत्रा वर आला.

दुपारी तो रिक्षातून शाफ्ट घेऊन आमच्याकडे आला. शाफ्ट जमिनीवर ठेवला आणि टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला. डबा चपटा झाला होता. आत पोळीभाजी तशीच होती.

"काका, हा एका पोरीचा डबा हाय. पायाशी ठेवला होता तिनं. पाय वर घेऊन मांडी घालून बसली होती, म्हणून पाय वाचले. अन् गाड्या गोगलगायीवानी चालून राहिल्या होत्या म्हणून बाकीचे वाचले. हायवेवर असतो तर शाफ्ट रस्त्यात रुतून बस उलटीच झाली असती."

वडील डब्याकडे बघत होते. मग म्हणाले, "क्रॉसचा माल हलका आला असेल. हल्ली भरवसा नाही."

"माल चांगला होता," मी म्हटलं. "बसवताना एक दात चुकलाय. चूक आमची आहे."

ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "मंग मागच्या टायमाले बी ग्रीसचं कारण नव्हतं?"

"नव्हतं."

"ताई, तवाच सांगितलं असतं तर मी परत इकडे आलोच नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

 ड्रायव्हर डबा उचलून घेऊन गेला. पोरीला परत द्यायचा होता म्हणे. शाफ्ट मात्र ठेवून गेला.

वडील बराच वेळ तुटलेल्या शाफ्टशी वाकून बसले होते. दोन्ही हात लांब केले तरी दोन टोकांना एकदम पोचत नव्हते. एक टोक चाचपायचं, उठून दुसऱ्या टोकाशी जायचं, तोवर पहिल्याचा अंदाज सुटायचा. असं त्यांनी चार वेळा केलं.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"हा धरून चार. मला सापडलेले."

"तीन तू नीट केलेस."

"हो."

"आणि मला कळू दिलं नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"शाफ्ट वाजला असता तर मला चूक कळली असती," ते म्हणाले. "तू वाजूच दिला नाहीस."

 

मग ते उठले, अवजारांच्या कपाटाचा खालचा खण उघडला, आणि वाट्या अडकवायच्या कड्यांच्या डब्यामागून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. काचबिंदू होता. वर्षभरापासून त्यांना माहीत होतं. थेंबांनी उरलेली नजर टिकते. गेलेली परत येत नाही. तेही कोणाला सांगत नव्हते, मीही सांगत नव्हते, आणि दोघं रोज एकाच शेडमध्ये एकाच शाफ्टला हात लावत होतो.

"उद्यापासून शाफ्ट तू बसव," ते म्हणाले. "मी येणार नाही."

चार दिवस ते आले नाहीत. मी समजवायला गेले नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्याची समजूत काढायची नसते. पाचव्या दिवशी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन आले, खुर्चीत बसले नाहीत, सरळ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी एका टेम्पोचा शाफ्ट सोडवणार होते.

"खूण केलीस?"

"करते."

"खोल कर. तीन ठिपके या तुकड्यावर, तीन त्याच्यासमोर दुसऱ्यावर. बारीक रेघ नको, रेघ पुसते. नखाला लागले पाहिजेत."

मी पंच धरून ठोकले. त्यांनी अंगठा एका बाजूच्या ठिपक्यांवर आणि तर्जनी दुसऱ्या बाजूच्या ठिपक्यांवर ठेवली. सगळी जागा एका चिमटीत मावत होती. टोकांशी पळापळ करायची गरज नव्हती.

"आता ओढ. परत घाल."

मी घातला. त्यांनी पुन्हा चिमूट ठेवली आणि मान हलवली. मी चंदेरी रंगाचा डबा पुढे ओढला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"रंग नको. ठिपके भरतील."

आता आमच्याकडून शाफ्ट उघड्या लोखंडाचा जातो, वर तेलाचा हात. गाडीखाली चमकत नाही. जुने लोक विचारतात, रंग परवडेनासा झाला का. वडील सांगतात, "मेकअप बंद केलाय. चेहरा दिसू दे." ते आता काही बसवत नाहीत. वाट्यांत ग्रीस भरून सुया एकेक करून लावतात. त्याला डोळे लागत नाहीत. आणि शाफ्ट शेडबाहेर जाण्याआधी त्यांच्यापुढे ठेवायचा, हा नियम आहे. त्यांची चिमूट लागल्याशिवाय तो जात नाही.

बसचा ड्रायव्हर पुन्हा आला नाही. त्याच्या जागी असते तर मीही आले नसते. त्याने ठेवलेला शाफ्ट भिंतीशी उभा आहे. भंगारवाल्याने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं.

परवा खडकवासल्याकडच्या एका टँकरचा शाफ्ट तयार करून मी त्यांच्यापुढे ठेवला. ड्रायव्हर घाईत होता, दारातच उभा होता. वडिलांनी चिमूट ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"रेषेत आहे," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

"पाहिलं असशील. तिसरा ठिपका उथळ आहे. पुढच्या वेळी गंजला की मला लागणार नाही."

"पुढच्या वेळी मी असेन ना."

"मी पोरीच्या प्रवेशासारख्या, तू नसशील त्या दिवसाबद्दल बोलतोय," ते म्हणाले. "पुन्हा ठोक."

मी पंच घेतला आणि ठोकला.