माफीचा फोन

परवा घाटातून उतरताना तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला आणि मला कोथरूडच्या त्या गॅरेजमधली दुपार आठवली. तिथेच ब्रेकचे पॅड बदलून आठवडाही झाला नव्हता, तरी ब्रेक लावला की माझी गाडी किंचाळायची. आदल्या दिवशी चांदणी चौकाच्या उतारावर, आई शेजारी बसलेली असताना, गाडी ट्रकच्या मागे हातभर अंतरावर कशीबशी थांबली होती. गॅरेजचा मालक खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "अहो मॅडम, नवे पॅड वाजतातच. बायका ब्रेकही जरा जास्तच दाबतात. साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो." माझी कानशिलं तापली. "गाडी माझी आहे, चालवते मी. चाक माझ्यासमोर काढा," म्हणत मी गाडी त्याच्या दारात आडवी लावली. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तेव्हा कुठे त्याने धुसफुसत चाक उतरवलं. आत जुनेच पॅड होते, पार पत्र्यापर्यंत झिजलेले. नवे बसवलेच नव्हते! "राहिलं असेल चुकून," तो म्हणाला. "माझी आई होती गाडीत!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या टपरीवरचे लोक चहा सोडून बघायला लागले. नवे पॅड माझ्या देखत बसवून घेतले. आवाज बंद झाला. संध्याकाळी घरी आले, तर नवरा म्हणाला, "गॅरेजवाल्याचा फोन आला होता. माझी माफी मागत होता बिचारा." इतक्या वर्षांत गॅरेजवाल्यावरचा राग केव्हाच निवला, नवऱ्याच्या त्या 'बिचारा'वरचा अजून नाही.