कार्बनचं माळवद

लातूरच्या शिकवण्यांनी मला डॉक्टर करायचं ठरवलं होतं. मी त्यांची सपशेल निराशा केली आणि नांदेडला इंजिनिअरिंगला गेलो. तिथं आम्हा पोरांना शर्यतीची गाडी बनवायचं खूळ लागलं, आणि त्या खुळातून मला कार्बन फायबरचं. कॉलेजात ते कुणालाच येत नव्हतं, तरी शिकवायला सगळे तयार होते. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत कार्बनचं कापड, ते कडक करायचं रेझिन आणि भंगारातून आणलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर घेऊन मी किल्लारीला घरी आलो.

घरात जागा भरपूर होती, कारण अप्पा घरात झोपतच नसत. भूकंपात आमचं दगडमातीचं माळवद कोसळलं आणि माझा थोरला भाऊ त्याखाली गेला. पुढे सरकारी घर मिळालं, पण अप्पा अंगणात, सवाऱ्या वाहायच्या त्यांच्या जीपमध्ये झोपू लागले, ते कायमचेच. आईनं समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, देवऋषीही आणून पाहिला. अप्पांचं उत्तर एकच, "घर पक्कं हाय. म्या न्हाई."

अप्पांच्या रिकाम्या खोलीत मी कारखाना थाटला. खाली शिकवणीचा जुना फ्लेक्स अंथरला. त्यावरच्या गुणवंतांच्या कपाळावर रेझिन सांडलं की मला फार बरं वाटायचं. आधी गाडीच्या आरशाचं कव्हर करायला घेतलं. साचा पुसला, कापड बसवलं, रेझिन लावलं. फक्त साच्याला मेण लावायचं राहिलं. कव्हर असं चिकटलं की साच्यासकट फोडावं लागलं. पुढच्या खेपेला मेण आठवणीनं लावलं, पण ऐन दुपारी सगळं रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर घालून, आईच्या पातेल्यात एकदम कालवलं. प्रमाण पुस्तकाबरहुकूम होतं, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं मराठवाड्यातला मे महिना पाहिलेला नसावा. पातेलं धुमसायला लागलं. निवलं तेव्हा पळी त्यात उभी होती, ती आजतागायत उभी आहे. आई मला जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

मग मी सकाळी लवकर उठून थोडं थोडं कालवायला शिकलो. कापडावर प्लास्टिक चिकटवून कॉम्प्रेसरनं आतली हवा ओढायला शिकलो. शेवटी एक कव्हर निघालं, काळं कुळकुळीत, नाव ठेवायला जागा नाही असं. अप्पांनी ते एका बोटावर तोललं.

"वजनच न्हाई की ह्याला," ते म्हणाले. "जीपचं छत हुईल?"

जीपवरची ताडपत्री गळायची. मी हो म्हणून बसलो. आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"असलं छत केलंस तर तुझे अप्पा कवाच आत यायचे न्हाईत."

तिचं खरं होतं. पण अप्पांनीही भूकंपानंतर पहिल्यांदाच डोक्यावर काहीतरी पक्कं मागितलं होतं. मला दोघांचा राग आला, आणि दोघांचं वाईटही वाटलं. मी छत केलं. कार्बन महाग, म्हणून त्याचा थर वरच्या अंगालाच, खाली सगळं काचेच्या धाग्यांचं स्वस्त कापड. ते वाळेपर्यंत आई माझ्याशी ताटात वाढण्यापुरतंच बोलली.

छत बसवलं त्या दिवशी दिवेलागणीला अप्पांनी ते खालून ठोकून पाहिलं, मग आडवे झाले आणि वर बघत पडून राहिले. शेजारी गोळा झाले. हे विमान कधी उडणार, असं एकानं विचारलं, सगळे हसले.

तेवढ्यात आई गादी आणि उशी घेऊन दारात आली. मला वाटलं, आता हे सगळं माझ्या अंगावर येणार. तिनं दार ओढून कडी घातली, कुणाकडे न बघता अंगण ओलांडलं आणि जीपमध्ये चढली.

"लई वाट बघितली," ती अप्पांना म्हणाली. "सरका तिकडं."

अप्पा सरकले.