कारिनसाठी हिरवळ

सहा वर्षांनी मुलगी घरी येणार म्हटल्यावर विस्कॉन्सिनच्या आर्विड टोलेफसनला राहवेना. कारिनला अंगणातली हिरवळ गर्द दिसावी, म्हणून त्यानं भर जुलैत दोनदा खत टाकलं. आठवड्याभरात गवतावर तपकिरी चट्टे पडले.

"अहो, एवढ्या उकाड्यात खत देऊन तुम्ही बुरशीलाच जेवू घातलंत!" शेजारीण डेलोरेस म्हणाली. "आता बुरशीनाशक मारा, पाणी पहाटे द्या आणि पुढचं खत सप्टेंबरात."

त्यानं सगळं ऐकलं. चट्टे पसरायचे थांबले. तेवढ्यात कारिनचा फोन आला, "बाबा, रजा नाही मिळाली हो."

"बरंच झालं," तो घाईनं म्हणाला, "गवत अजून सावरलेलं नाही. ऑक्टोबरात ये."

"बघते."

ऑक्टोबरात हिरवळ दाट झाली. आर्विडनं तिला फोटो पाठवला आणि उत्तराची वाट पाहत पायरीवर बसून राहिला.