क्लेअरमधला जर्मन स्टॉपर

आयर्लंडमधल्या नासहून सकाळी निघालो तेव्हा मृणालने, माझ्या मुलीने, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून दिली आणि तीनदा बजावलं, "बाबा, लिमरिकला बस बदलायची. झोपू नका." मी झोपलो नाही. लिमरिकला बसही नीट बदलली. तरीही शेवटी चुकलोच. क्लेअर परगण्यात, एनिसच्या पुढे समुद्राकाठच्या गावाला जायचं होतं, आणि मी गावाच्या दोन मैल अलीकडेच उतरलो. बस निघून गेली. समोर दगडांच्या गडग्यांमागे गाई उभ्या होत्या आणि दिसेल न दिसेल असा पाऊस पडत होता.

मी कोल्हापूरचा. एका शाळेत तीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो, आणि तरुणपणी आमच्या पेठेच्या संघात स्टॉपर (गोलकीपरच्या पुढचा मधला बचावपटू). मृणाल नासच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या ईफा नावाच्या नर्सला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्ही माझ्या मावशीच्या नवऱ्याला भेटाच. उवे. जर्मन आहे, व्यावसायिक फुटबॉल खेळलाय. स्टॉपरच!" जर्मन बचाव हा आमच्या पिढीचा देव. मी वहीत अकरा प्रश्न लिहून काढले. उंच चेंडूवर उडी कधी मारायची, हा पहिला.

चालत निघालो. ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्याला पत्ता विचारला. तो म्हणाला, "युअर मॅन? द जर्मन? चर्चच्या वर, निळं दार. ही'ज ग्रँड." इकडे 'युअर मॅन' म्हणजे 'तो गृहस्थ', आपला कुणी नव्हे. आणि 'ग्रँड' म्हणजे भव्यबिव्य काही नाही, नुसतं 'ठीक'. पण हे सांगताना त्याने नजर का वळवली, ते मला कळलं नाही.

निळं दार ईफाच्या मावशीने, नोराबाईंनी उघडलं. सत्तरीच्या, बुटक्या, बाह्या दुमडलेल्या. मागे उवे उभा होता. चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, पांढऱ्या भुवया, नाक दोनदा मोडलेलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "गुडघा पाहायला आलात?"

"नाही, मी भारतातून..."

"डावा. डावाच दुखतो."

मला वाटलं, हा जर्मन विनोद असावा. मी हसलो. तोही हसला.

नोराबाईंनी मला कप काढायला सांगितले, 'प्रेस'मधून. मी इस्त्री शोधू लागलो. प्रेस म्हणजे कपाट, हे त्यांनी दाखवलं तेव्हा समजलं. मग चहा, घरचा सोडा-ब्रेड आणि खारट लोणी. दशम्या मी टेबलावर ठेवल्या. उवेने दोन खाल्ल्या, चटणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने तिसरी मागितली.

मी वही उघडली. पहिला प्रश्न वाचला. उवेने नोराबाईंकडे पाहिलं.

त्याची सगळी कारकीर्द मग त्यांनीच सांगितली. कोळशाच्या खाणींच्या गावात जन्म. सतराव्या वर्षी क्लबचा करार. नऊ वर्षं दुसऱ्या श्रेणीत, दोन हंगाम पहिल्या. जन्मात एकच गोल, तोही डोक्याने. "हवेतला चेंडू याचा, असं ठरलेलंच होतं," त्या म्हणाल्या. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि बत्तिसाव्या वर्षी एका हंगामासाठी आयर्लंड. त्या तेव्हा मैदानाच्या तिकीटखिडकीवर बसत. हंगाम संपला, उवे परत गेलाच नाही. त्याने खिडक्या बसवल्या, मग वीस वर्षं शाळेची बस चालवली. दोन वर्षांपूर्वी बसच्या किल्ल्या परत घेतल्या गेल्या.

"का?" मी विचारलं.

"रस्ता चुकू लागला," त्या म्हणाल्या, आणि चहा ओतू लागल्या.

उवे हे सगळं दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसं ऐकत होता. "चांगला खेळाडू वाटतो," तो मला हळूच म्हणाला.

पाऊस थांबल्यावर आम्ही परसात गेलो. कोबीच्या वाफ्यांपलीकडे उतार, त्याखाली करडा समुद्र. गवतात एक चेंडू पडला होता. उवेने तो पायाने ओढून माझ्याकडे सारला. इतका नेमका की माझा पाय हललासुद्धा नाही. मला बरं वाटलं. आता ओळख पटली, असं वाटलं. मी चेंडू उचलला आणि तीस वर्षं जे करत आलो तेच केलं: दोन्ही हातांनी उंच उडवला, त्याच्या कपाळाच्या बेताने, आणि ओरडलो, "हेड!"

"नो!"

नोराबाई वाफा तुडवत धावत आल्या आणि चेंडू अंगावर घेतला. तो त्यांच्या खांद्यावर आपटून कोबीत गेला. उवे मान ताणून, डोळे उघडे ठेवून तसाच उभा होता. न आलेल्या चेंडूची वाट पाहत.

मी माफी मागत राहिलो. कशाची, ते कळत नव्हतं. त्यांनी मला बाकावर बसवलं. "डॉक्टर म्हणतात, डोक्याने घेतलेल्या चेंडूंमुळे असू शकेल. नक्की सांगता येत नाही. त्याचे वडीलही म्हातारपणी असेच विसरायचे, आणि त्यांनी तर कधी चेंडूला पाय लावला नव्हता. मग मी काय समजायचं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही पोरांना हे शिकवायचात?"

"हो. रोज."

"किती वर्षांच्या?"

"आठ-नऊ."

उवेने कोबीतून चेंडू शोधून आणला, पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "मैदान ओलं असलं की जड होतो," तो म्हणाला. दिवसभरात चेंडूबद्दल तो एवढंच बोलला.

निरोप घेताना त्याने पुन्हा डावा गुडघा दाखवला. या वेळी मी वाकून, हात लावून पाहिला. "ठीक आहे," म्हणालो. त्याचा चेहरा खुलला.

परतीच्या बसमध्ये माझ्या जुन्या पोरांची नावं आठवत होतो. जी उंच होती, जी भीत होती, ज्यांना मी मोसंबी देऊन पुन्हा रांगेत उभं केलं होतं. एकाचं नाव लिमरिकपर्यंत आठवलं नाही. एवढ्याने घाबरायचं का? सकाळी थांबा चुकलो, तो परका मुलूख म्हणून, की आणखी कशाने?

घरी मृणालने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, सगळ्यांना होतं असं नाही. तुम्हाला हवं तर तपासू. पण लहान मुलांना हेडिंग शिकवणं हल्ली बऱ्याच ठिकाणी थांबवलंय, हे खरं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तेव्हा कुणाला माहीत होतं?"

हे बरोबर होतं, आणि तरी पुरेसं नव्हतं. परक्या देशात माणूस काहीतरी बघायला जातो. मी जाऊन माझ्याच मैदानाकडे बघत बसलो, आणि जे दिसलं ते खरं की खोटं, हेही धड सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कोल्हापुरात सरावाची वेळ होते त्या सुमाराला, संभाला फोन लावला. संभा माझा विद्यार्थी, आता माझ्याच जागी शिक्षक. मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"काय सर, कसं काय आयर्लंड?"

"संभा, बारक्या पोरास्नी हेड मारायला लावू नकोस."

"आँ? सर, तुमीच तर शिकवलंय की!"

"व्हय. मीच शिकवलंय."

शिट्टी वाजवून त्याने खेळ थांबवला असावा, कारण कालवा एकदम बंद झाला.

"मग उंच बॉल आला तर स्टॉपरनं करायचं काय, सर?"

तीस वर्षांत या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलं होतं.

"जाऊ दे वरनं," मी म्हणालो.