पांढरं हेल्मेट

“काढ म्हणजे काढ, प्रताप. पानं जुळत नाहीत, ले-आउट बिघडतो, हे मला ऐकवू नकोस.”

“मग तिथं काय छापू? उद्या सकाळी अंक जाणार आहे, झरीन. उद्या!”

“तुझा फोटो छाप. अख्खी आठ पानं. नाहीतरी संपादकीयात तो मावत नव्हताच.”

“झाले टोमणे मारून? आता एक सांग. तारीख गेली की गोष्ट सगळ्यांची, हा नियम कोणी केला होता?”

“मी.”

“मोठ्यानं.”

“मी केला होता! बहिरा आहेस का? मी केला होता, आणि मीच सांगतेय, ही गोष्ट काढ.”

“हळू बोला रे,” लॅपटॉपवरून मान वर न करता यशश्री म्हणाली. “मागच्या वेळी खालच्या ओमानी आजी काठी टेकत वर आल्या होत्या. आपल्याला वाटलं ओरडायला आल्या. त्या बिचाऱ्या भांडण सोडवायला आल्या होत्या.”



प्रतापचा फ्लॅट अल मवालेहच्या भाजी मार्केटमागच्या गल्लीत. माणूस मूळचा कराडचा, इथे कोल्ड स्टोरेजची मशीनं सांभाळतो. दर शुक्रवारी दुपारी त्याच्या हॉलमध्ये मस्कतमधली मराठी लिहिणारी मंडळी जमतात आणि वर्षाला एक दिवाळी अंक काढतात. मंडळी तशी बरीच. पण लिहिणारे म्हणजे संपादक प्रताप, शाळेत शिकवून आल्यावर सगळ्यांचं टाइप करणारी यशश्री आणि झरीन. बाकीच्यांना नुसतं सुचतं. “यंदा एक जबरदस्त डोक्यात आहे” असं म्हणत ते पावसाळाभर चहा पितात, म्हणजे गावाकडच्या पावसाळाभर, आणि अंक छापायच्या वेळी त्यांच्या ऑफिसात नेमकं ऑडिट निघतं.

एका वर्षी अंकात जाहिराती आणि खजुराच्या शिऱ्याची कृती एवढंच उरलं, तेव्हा झरीनचं डोकं फिरलं. “गोष्टींवर कोंबडीसारखे नुसते बसून राहता! एकही अंडं फुटत नाही!” असं म्हणत तिनं टेबलावरचा कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा पेला सगळ्यांच्या मधे आपटला. तेव्हापासूनची ही रीत. ज्याला गोष्ट सुचली त्यानं ती सगळ्यांना सांगायची, एक खजूर खायचा आणि बी त्या पेल्यात टाकायची. तारखेच्या आत लिहून आणलं तर बी काढून फेकून द्यायची. नाही आणलं, तर ती बी कोणीही उचलावी आणि गोष्ट लिहावी. तक्रार चालणार नाही.

तारखांच्या बाबतीत झरीन पहिल्यापासून कडक. तिची नोकरीच त्यावर. बाणकोटच्या खाडीकाठचं तिचं गाव. नबीलशी लग्न होऊन ती मस्कतला आली. त्याचं रुवीत अत्तराचं दुकान. सुरुवातीची वर्षं ती घरात बसून भिंतींशी भांडली. मग एकदा दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेली, तिथल्या रिसेप्शनिस्टशी नंबरावरून कचाकचा भांडली, आतल्या डॉक्टरांनी ते सगळं ऐकलं, आणि पुढे ती खुर्ची रिकामी झाली तेव्हा त्यांनी झरीनलाच बोलावून घेतलं. आता वेळ घेऊन न येणाऱ्या पेशंटना ती मराठी, हिंदी आणि अरबीत लाज आणते. दोन पेशंटच्या मधे मोबाइलवर गोष्टी लिहिते. आत ड्रिल चालू असलं की तिला म्हणे संवाद चांगले सुचतात.

आणि यंदा तिचीच तारीख चुकली. एकदा नाही, तीनदा. आधी म्हणाली, पेशंट फार आहेत. मग म्हणाली, नबीलची आई आलीय. तिसऱ्यांदा काही म्हणालीच नाही, नुसता अंगठा पाठवला. चौथ्या शुक्रवारी प्रतापनं पेल्यातली तिची बी उचलली.

गोष्ट तिनं सांगितली होती ती अशी. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत हमीद नावाचा एक माणूस तेलाच्या टाक्यांत उतरून आतला गाळ उपसतो. त्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, कामगाराचं. पण गावी त्यानं सांगून ठेवलंय की तो सुपरवायझर आहे. म्हणून दर गुरुवारी घरी व्हिडिओ कॉल करायच्या आधी तो आपल्या मलयाळी साहेबाकडून पांढरं हेल्मेट मागून घेतो, टाकीकडे पाठ करून उभा राहतो आणि हसतो. गावी त्याच्या आईनं तो पांढऱ्या हेल्मेटमधला फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत, शिवणाच्या मशीनच्या वर लावलाय.

 प्रताप म्हणाला होता, “लिही. नाहीतर मी लिहीन.”

हमीद म्हणजे हसन, झरीनचा थोरला भाऊ. हे त्या हॉलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी सांदणं आणि मटणाचा डबा घेऊन, न कळवता, ती नबीलसोबत सोहारला गेली होती. कंपनीच्या फाटकावर ‘सुपरवायझर हसन’ विचारलं. वॉचमन म्हणाला, असा कोणी नाही. मग टाकीच्या भोकातून गुडघ्यापर्यंत काळा झालेला एक माणूस बाहेर आला आणि त्यानं पिवळं हेल्मेट काढून घाम पुसला. “भाई?” हसन आधी हसला. मग म्हणाला, “यल्ला, चल, सावलीत बस. उनात काय उभी ऱ्हायलीस?” पांढरं हेल्मेट साहेबाचं, हे सांगून त्यानं डबा उघडून बघितला, पण तिच्यासमोर खाल्ला नाही.

सोहारहून परतताना ती नबीलशीसुद्धा बोलली नाही. रागानं. आपण इतकी वर्षं गावात मान वर करून “माझा भाई सुपरवायझर हाय” म्हणत फिरलो, याचा राग. त्यानं आपल्यालाही नुसता तो फोटोच दाखवत ठेवलं, याचा त्याहून जास्त. तो राग शुक्रवारी तोंडातून गोष्ट होऊन बाहेर पडला. नाव बदललं की झालं, असं तिला वाटलं. बाकी काहीच तिनं बदललं नाही. हेल्मेट नाही, फोटो नाही, फोटोखालचं शिवणाचं मशीनसुद्धा नाही.

प्रतापनंही बदललं नव्हतं. आज दुपारी यशश्रीनं अंकाची शेवटची फाइल दाखवली, तेव्हा झरीननं ते वाचलं आणि ‘काढ’ म्हणाली. अंक निघाला की दरवर्षी ती स्वतःच तो मोबाइलवरून गावी पाठवते. अर्धा मोहल्ला वाट बघत असतो, झरीनची गोष्ट कुठल्या पानावर म्हणून. आणि आजच, मगरिबनंतर, दिवस मावळल्यावर, हसनच्या मुलीला, तूबाला मागणी घालायला मुलाकडची माणसं त्याच बाहेरच्या खोलीत बसणार होती, त्याच फोटोखाली. हसनला ते फोनवरून बघणार होते. त्यासाठी तो सुटी काढून बहिणीकडे आला होता आणि आत्ता खाली मार्केटात तिच्यासाठी भाजी घेत होता.

“कारण दे मला,” प्रताप म्हणाला. “एक धड कारण दे, काढतो.”

“कच्ची आहे.”

“माझी गोष्ट कच्ची? तुला आवडली नसेल, ते वेगळं.”

“शेवटी आई म्हणते, मला सगळं पहिल्यापासून माहीत होतं बाळा. शी! कुठली आई असं बोलते? तुझी बोलते?”

“शेवट बदलू. तू सांग, बदलतो. आत्ता बसून बदलतो.”

“शेवट नको बदलूस. काढ!”

“झरीन.” यशश्रीनं लॅपटॉप मिटला. “गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंची गोष्ट होती. मला लिहायला जमली नाही. मुलीच्या परीक्षा होत्या. तू बी उचललीस.”

“तो विषय आत्ता कशाला?”

“मी तुला बाथरूमच्या दारात उभी राहून सांगितलं होतं, नको छापू, घरात कळेल. तू काय म्हणालीस, आठवतं?”

झरीननं पेल्यातल्या बिया बोटानं ढवळल्या.

“म्हणालीस, यशश्री, तारीख म्हणजे तारीख. रडायचं असेल तर नळ सोड, बाहेर ऐकू येतं.”

“बरं, मी वाईट. लिहून घे. संपादकीयात छाप, झरीन पारकर वाईट बाई आहे. पण ही गोष्ट…”

“ही गोष्ट काय?” प्रतापचाही आवाज आता चढला. “मी रजा टाकून लिहिलीय ती! पहिल्यांदा, कळतंय का, पहिल्यांदा मला असं काहीतरी जमलंय की वाचताना माझाच घसा दाटला. आठ वर्षं लोकांची शुद्धलेखनं तपासतोय. आणि तू म्हणतेस काढ. का? तुझी झाली नाही म्हणून? दुसऱ्याची चांगली झाली की तुझ्या पोटात दुखतं, एवढंच आहे हे!”

“पोटात?” झरीन उठली. खुर्ची मागे भिंतीला जाऊन धडकली. “माझ्या पोटात दुखतं? अरे, तो माझा भाऊ आहे!”

“कोण?”

“हमीद! तुझा हमीद! हसन आहे तो, माझा सख्खा भाऊ! टाकीत उतरतो ना, तो! दुसऱ्याचं हेल्मेट घालून आईला तोंड दाखवतो ना, तो! आज त्याच्या पोरीला बघायला माणसं येतायत घरी, आणि उद्या तुझं ते घसा दाटणारं गावभर फिरणार. मिळालं कारण? बस झालं?”

प्रतापचं तोंड उघडं राहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे बघत होता. यशश्रीही.

झरीन वळली.

शुक्रवारी दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी प्रताप दार उघडंच ठेवतो. दारात हसन उभा होता. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून दुधीचं तोंड बाहेर आलेलं. इस्त्रीचा शर्ट, संध्याकाळच्या फोनसाठी घातलेला.

“लिफ्ट बंद हाय,” तो म्हणाला.

 प्रतापनं पुढे होऊन पिशव्या घ्यायला हात केला. “हसनभाई, या ना आत. बसा. मी… आम्हाला माहीत नव्हतं. मी काढतो ती गोष्ट. आत्ता, तुमच्यासमोर काढतो. यशश्री, काढ.”

यशश्रीनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला.

“ऱ्हावंदे जरा,” हसन म्हणाला. पिशव्या त्यानं दिल्या नाहीत, स्वतःच खाली ठेवल्या, भिंतीला टेकवून. “हिनं सांगितलेली गोष्ट ती?”

“हो. म्हणजे, लिहिली मी.”

“किती जणांनी ऐकली?”

“दहा-बारा जण होते त्या दिवशी,” प्रताप म्हणाला. “पण कोणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं, गोष्टच आहे.”

“आता ठाऊक झाला.”

“भाई,” झरीन म्हणाली, “मी ती काढायलाच सांगत होती. तुझ्यासाठी भांडत होती मी इथं.”

“ऐकला मी. जिन्यात ऐकला. तिसऱ्या मजल्यापासना.” तो प्रतापकडे वळला. “शेवट काय केलात?”

प्रताप चाचरला. “आई म्हणते… आई म्हणते की तिला पहिल्यापासून माहीत होतं.”

हसन नाकातून हसला. “आमची अम्मा? ती कौलावर चढून बोंब मारील.” मग त्यानं झरीनकडे बघितलं. “तुझा शेवट काय होता गो?”

झरीनला वाटलं, आता आपण रडणार. पण रडू आलंच नाही. आला तो पुन्हा रागच, सोहारच्या फाटकापासून आत कोंडून ठेवलेला.

“नव्हता! शेवट नव्हता माझ्याकडं, म्हणून तर तारीख चुकली. पेशंट नव्हते, सासू नव्हती, काय नव्हता. रोज बसायची लिहायला. हमीद घरी सांगतो, असा लिहिला, तर खोटा वाटायचा. सांगत नाय, असा लिहिला, तर माझंच डोकं फिरायचं. किती वेळा खोडला, भाई! तुला शिव्या देत खोडला.”

“मग माझा नाव कशाला घेतलास यांच्यासमोर?”

“हमीदच म्हटलं होतं मी! आज घेतला, कारण घ्यायला लावला तू! तू फोटोत, मी गोष्टीत, किती दिवस झाकायचा? मी अम्माला दर महिन्याला सांगते, हो गे, सुपरवायझरच, हो गे, पांढराच. आज तूबाचा सासरा विचारील, काय काम करता, तेव्हा मी शेजारी बसलेली असणार फोनवर. माझ्या तोंडाकडं बघतील ते. मी काय करू? मान डोलवू?”

“झरीन, पुरे आता,” यशश्री हळूच म्हणाली.

“पुरे नाय. मला टाकीचा काय वाटत नाय, भाई. अल्लाची शपथ, टाकीचा मला काय पण वाटत नाय. त्या हेल्मेटचा वाटतो. दुसऱ्याच्या घामाचा हेल्मेट डोक्यावर घालून तू तूबाशी हसतोस, त्याचा वाटतो. शेवट माझ्याकडं नाय नि या प्रतापकडं पण नाय. तुझ्याकडं हाय. सांग आता. आज फोन लागल्यावर काय सांगणार आहेस त्यांना?”

खाली मार्केटात कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पीप-पीप वर येत राहिली. हसननं वाकून पिशव्या बघितल्या. कलंडलेला दुधी सरळ केला. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, रुमालाची नीट घडी घातली आणि पिशव्या तिथंच सोडून तो वळून जिना उतरायला लागला.

“भाई! मी काय विचारलं? भाई!”