साडी झटकणारे मावसा

आमच्या मावसांपुढे बसलेली बाई रिकाम्या हाताने उठल्याचं सुरतेत कोणी पाहिलेलं नाही. मावसा, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, धुळ्याहून आले ते थेट साडीच्या दुकानातल्या गादीवर बसले. साडीचं टोक धरून मनगटाला असा काही झटका देत की पदर उडून बाईच्या मांडीवर पडे, आणि वर, "बेन, आ रंग तमारा माटेज बन्यो छे." हा रंग तुमच्यासाठीच बनलाय, हे ते सत्तरीच्या आजीलाही सांगत आणि ती लाजून दोन साड्या घेई. दुकानातला पंखा बंद पडला तर बायकांना साडीनेच वारा घालत. सुरतेतल्याच उधन्याला घरी आले की मात्र तोंडाला कुलूप. मावशीला साड्या मिळत त्या घडी न मोडलेल्या, पिशवीतून.

एकदा कॉलेजातली एक मुलगी त्यांना हसत म्हणाली, "अंकल, आप तो बडे फ्लर्ट हो." ही पदवी की शिवी ते कळेना, म्हणून मावसा माझ्याकडे आले, मी इंग्रजी शिकवतो. मी म्हटलं, गोड बोलून घोळात घेणारा. शब्द कुठून आला यावर पंडितांचं एकमत नाही. कोणी म्हणतात, फ्रेंचांच्या फुलांसारख्या बोलण्यावरून आला. पण जुना अर्थ सरळ आहे, हाताचा चपळ झटका. मावसा खूश. "मग तर मी जन्मजात फ्लर्ट," असं गल्लीभर सांगून आले. मावशी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "मनापुढे कधी एक बी साडी झटकी नही." मावसांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इतक्या वर्षांत तिच्यापुढे एकही नाही, याचं मला वाईट वाटलं.

मागच्या वर्षी मावशीने अंथरूण धरलं. ताप उतरला, पण ती भिंतीकडे तोंड करून पडे. ना बोले, ना जेवे. डॉक्टर म्हणाले, हिला बोलतं करा, नाहीतर हातची जाईल. हे सांगायला त्यांना नेमके मावसाच सापडले.

एका दुपारी मी गेलो तर मावशीचं साड्यांचं कपाट उघडं, आणि मावसा खाटेवर मांडी घालून बसलेले. हातात साडीचं टोक. झटका अर्ध्यातच विरला, तरी लाल पदर मावशीच्या अंगावर जाऊन पडला.

"बेन, हाथ लगाडी जुओ," गिऱ्हाइकाला म्हणावं तसं मावसा म्हणाले.

मावशीने कूस बदलली. पदर चिमटीत धरून किती तरी वेळ चोळला.

"रंग जाई का?"

"मी शे ना," आपण आहोत असा भरवसा देत मावसा म्हणाले, आणि तिच्या अंगावरचा पदर सारखा करू लागले.

"दुसरी दखाडा," मावशी म्हणाली.

मावसांना हे आधी का नाही सुचलं, असं वाटून माझा जीव भरून आला. मी निघालो तेव्हा खाटेवर साड्यांचा ढीग झाला होता आणि मावशी भाव करत होती.